आधी टिकली मोजा, मग कॅमेरा निवडा



महाराष्ट्रात दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. हा सप्ताह जवळ आला की आमच्या पनवेल परिसरातील शाळांच्या निसर्ग मंडळांची लगबग सुरू होते, आणि पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मला एकच प्रश्न अनेक तोंडांनी विचारला जातो, "सर, पक्ष्यांचे फोटो काढायला कॅमेरा कोणता घ्यावा?" कोणाला पन्नास मेगापिक्सेलचा घ्यावा की शंभरचा, याची चिंता असते. कोणी वडिलांकडे मोठ्या लेन्सचा हट्ट धरलेला असतो. ती लेन्स म्हणजे जवळजवळ एका नव्या दुचाकीची किंमत!

माझे उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा होते. मी म्हणतो, कॅमेरा इतक्यात घेऊ नका. तुमच्या शाळेत किंवा मंडळात एखादी एकनळी दुर्बीण, म्हणजे ज्याला पक्षिनिरीक्षक स्पॉटिंग स्कोप म्हणतात तो स्कोप, असेल तर घरात आहे तोच मोबाइल फोन घ्या. हाताशी पैसे असतीलच तर ते एका चांगल्या ट्रायपॉडवर आणि एका चांगल्या अ‍ॅडॅप्टरवर खर्च करा. अ‍ॅडॅप्टर म्हणजे फोन स्कोपच्या मागे घट्ट धरून ठेवणारी जोडणी. कॅमेऱ्यापेक्षा ही जोडणी महत्त्वाची, हे माझे मत आहे. ते तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करावे असे मात्र मी म्हणणार नाही. एक कागद, एक पट्टी आणि थोडा गुणाकार-भागाकार एवढ्या साधनांवर तुम्हाला ते स्वतःच तपासता येईल.

एक मिलिमीटरचा पक्षी

आधी नड काय आहे ते पाहू. उरणकडच्या एखाद्या पाणथळीत तुमच्यापासून ६० मीटरवर एक शेकाट्या उभा आहे. लाल काटकुळ्या पायांचा हा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ३५ सेंटिमीटर भरतो. तुम्ही फोनने त्याचे छायाचित्र काढले. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला फार रुंद दृश्य दिसते. ६० मीटरवर त्याच्या चौकटीत सुमारे ८३ मीटर रुंदीचा प्रदेश मावतो. ८३ मीटरांत ३५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे २४० वा भाग. हे छायाचित्र २४ सेंटिमीटर रुंद कागदावर छापले, तर आपला शेकाट्या त्यात अवघा एक मिलिमीटर लांबीचा दिसेल. राईचा दाणाच म्हणा ना!

आता हाच फोन २० पट मोठे दाखवणाऱ्या स्कोपच्या मागे धरा. तोच पक्षी त्याच कागदावर दोन सेंटिमीटरांचा होतो. हिशोब सोपा आहे. स्कोप जितके पट मोठे दाखवतो, तितक्या पटीने कॅमेऱ्याचे नाभीय अंतर वाढल्यासारखे होते. छायाचित्रकारांच्या भाषेत फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर साधारण २६ मिलिमीटर धरतात. त्याला २० ने गुणा, ५२० येतात. म्हणजे ५०० मिलिमीटरच्या भल्यामोठ्या लेन्सची कामगिरी तुमच्या खिशातल्या फोनने केली.

ही युक्ती तशी जुनी आहे, पण तिला खरा बहर आला तो १९९९ नंतर. मलेशियातील लॉरेन्स पो या पक्षिनिरीक्षकाने त्या सुमारास आपल्या स्कोपच्या नेत्रिकेला डिजिटल कॅमेरा लावून पाहिला आणि मिळालेली छायाचित्रे पाहून जगभरचे पक्षिनिरीक्षक चकित झाले. या पद्धतीला पुढे 'डिजिस्कोपिंग' असे नाव पडले. त्या काळी या कामासाठी गाजलेला कॅमेरा होता निकॉनचा कूलपिक्स ९५०. त्याचे मेगापिक्सेल किती असतील? फक्त दोन! आज साध्यातल्या साध्या फोनला त्याच्या कितीतरी पट मेगापिक्सेल असतात. तेव्हा मेगापिक्सेलच्या आकड्यावर छायाचित्राचा दर्जा ठरत असता, तर तो कॅमेरा गाजलाच नसता. त्याची खुबी वेगळीच होती. त्याचे भिंग लहान होते आणि झूम करताना ते पुढे बाहेर सरकत नसे. त्यामुळे ते नेत्रिकेशी अगदी लगटून ठेवता येई.

टिकली म्हणजे काय?

हे लगटून ठेवण्याचे एवढे महत्त्व का? त्यासाठी एक प्रयोग करू. स्कोप नसेल तर साधी द्विनेत्री दुर्बीणही चालेल.

दुर्बीण मोकळ्या उजळ आकाशाकडे रोखा. सूर्याकडे मात्र चुकूनही नको! दुर्बिणीतून सूर्य पाहिल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि फोनच्या आतला संवेदकही जळतो. आता दुर्बीण डोळ्यांपासून हातभर दूर धरून तिच्या नेत्रिकेकडे पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाशाचा एक छोटा स्वच्छ गोल दिसेल, कपाळावरच्या टिकलीसारखा. आपण त्याला टिकलीच म्हणू. पुढच्या मोठ्या भिंगातून, म्हणजे वस्तुभिंगातून, आत शिरलेला सगळा उपयोगी प्रकाश मागे या एवढ्याशा टिकलीतून बाहेर पडतो.

टिकलीचा व्यास किती? वस्तुभिंगाचा व्यास भागिले दुर्बीण जितके पट मोठे दाखवते तो आकडा. स्कोपचे वस्तुभिंग ८० मिलिमीटरचे असेल आणि तो २० पट दाखवत असेल, तर ८० भागिले २०, म्हणजे टिकली ४ मिलिमीटरांची. त्याच स्कोपचा झूम ६० पटीवर नेला, तर टिकली १.३ मिलिमीटरांपर्यंत आक्रसते. द्विनेत्रीवर ८×४२ असे लिहिले असेल तर तिची टिकली ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरांची. गणितावर भरवसा नसेल तर टिकलीवर ट्रेसिंग पेपर धरून पट्टीने मोजून पाहा.

मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. कागद नेत्रिकेला चिकटवलात तर गोल मोठा आणि धूसर दिसतो. थोडा मागे नेला की तो लहान व रेखीव होतो आणि आणखी मागे नेला की पुन्हा पसरतो. जिथे तो सर्वांत लहान आणि सर्वांत रेखीव असतो, तिथेच डोळा ठेवायचा असतो, आणि तिथेच कॅमेऱ्याचे छिद्र यायला हवे. नेत्रिकेच्या काचेपासून हे अंतर पुष्कळ दुर्बिणींत १५ ते २० मिलिमीटर असते. हा आकडा वहीत लिहून ठेवा. अ‍ॅडॅप्टर निवडताना तो फार उपयोगी पडणार आहे.

मोठ्या कॅमेऱ्याला जास्त प्रकाश मिळतो का?

आता कॅमेऱ्याकडे वळू. प्रत्येक कॅमेऱ्याच्या भिंगालाही प्रकाश आत घेणारे एक छिद्र असते. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे खरे नाभीय अंतर समजा ५.४ मिलिमीटर आहे आणि त्यावर एफ १.८ असे लिहिले आहे. ५.४ भागिले १.८, म्हणजे छिद्र ३ मिलिमीटरांचे. मोठ्या कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची, त्याच एफ आकड्याची लेन्स घेतली तर तिचे छिद्र भरते सुमारे २८ मिलिमीटर.

वरवर पाहता मोठा कॅमेरा भाग्यवान वाटतो. पण जरा थांबा. टिकली आहे ४ मिलिमीटरांची. २८ मिलिमीटरांच्या दारातून आत येणार काय, तर ४ मिलिमीटरांची धार! नळाची धार करंगळीएवढी असेल, तर खाली तांब्या ठेवला काय आणि घागर ठेवली काय, मिनिटाला पडणारे पाणी तेवढेच. उलट घागरीत ते तळाशी पसरून उथळ दिसते. इथेही तसेच होते. ५० भागिले ४ म्हणजे १२.५. तुमची एफ १.८ ची महागडी लेन्स स्कोपमागे गेल्यावर एफ १२.५ ची होऊन बसते. झूम ६० पटीवर नेला तर एफ ३७ च्याही पलीकडे. मग छायाचित्र अंधारे तरी येते, नाही तर बराच वेळ प्रकाश घ्यावा लागल्याने हललेले तरी.

फोनचे मात्र बरे जमते. ३ मिलिमीटरांचे छिद्र ४ मिलिमीटरांच्या टिकलीत सहज मावते. थोडा प्रकाश बाजूने वाया जातो, म्हणजे ८० मिलिमीटरांपैकी जणू ६० मिलिमीटरांचेच वस्तुभिंग कामी येते. झूम २७ पटीच्या आसपास नेला की टिकलीही ३ मिलिमीटरांची होते आणि दोघींचा अगदी जुळून मेळ बसतो. त्याहून पुढे गेलात की टिकली छिद्रापेक्षा लहान होत जाते. ६० पटीवर फोनला त्याच्या नेहमीच्या प्रकाशाच्या पाचव्या हिश्शाइतकाच प्रकाश मिळतो. तेव्हा ८० मिलिमीटरांच्या स्कोपवर २० ते ३० पटींच्या दरम्यान काम करावे, हा नियम दुकानदाराने सांगितलेला नाही, तो भागाकाराने सांगितलेला आहे.

आणखी एक मर्यादा आहे, आणि ती कोणत्याही कॅमेऱ्याला ओलांडता येत नाही. प्रकाश हा तरंग असल्यामुळे भिंगाच्या काठाशी त्याचे विवर्तन होते. ८० मिलिमीटरांच्या वस्तुभिंगाला ६० मीटर अंतरावर सुमारे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. ५० मिलिमीटरांच्या भिंगाला ही मर्यादा ०.८ मिलिमीटर. म्हणजे पिसांवरची नक्षी किती दिसणार, हे पुढच्या भिंगाने आधीच ठरवून टाकलेले असते. मागे शंभर मेगापिक्सेल लावले म्हणून जे भिंगाने आणलेच नाही ते कुठून दिसणार?

फोन निवडताना आणि वापरताना

घरात दोन-तीन फोन असतील तर त्यांतला कोणता घ्यावा? सर्वांत नवा किंवा सर्वांत महाग घ्या, असे मी म्हणणार नाही. तीन गोष्टी तपासा.

पहिली, मागे तीन-चार भिंगे असतील तर हवे तेच भिंग पक्के करून ठेवता येते का? काही फोन समोर जवळची वस्तू आली की आपण होऊन दुसऱ्या भिंगावर उडी मारतात. नेत्रिका तर अगदी जवळच असते! मग तुम्ही कष्टाने जुळवलेल्या भिंगाऐवजी शेजारचे भिंग चालू होते आणि पडद्यावर नुसता काळोख दिसतो. ही सोय बंद करता यायला हवी.

दुसरी, पडद्यावर बोट दाबून धरल्यावर नाभीयन आणि प्रकाशाचे प्रमाण स्थिर राहते का? समोर चकाकणारे पाणी आणि मधोमध पांढरा बगळा असेल, तर फोन गोंधळतो आणि बगळ्याचा चुना करून टाकतो. अशा वेळी प्रकाश हाताने कमी करता आला पाहिजे.

तिसरी, पडद्याला हात न लावता छायाचित्र काढता येते का? दोन सेकंदांची विलंबाची सोय किंवा इअरफोनच्या वायरीवरचे बटण, काहीही चालेल. २० पट मोठे दाखवणारा स्कोप पक्ष्याला २० पट मोठा करतो, तसाच तुमच्या बोटाच्या धक्क्यालाही!

फोन लावल्यावर पडद्याच्या कडांना काळे वर्तुळ दिसेल. घाबरू नका, तो बिघाड नाही. फोनला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ८० अंशांचे दृश्य दिसते आणि नेत्रिका त्याच्या निम्मेच दाखवते, म्हणून उरलेली जागा काळी. फोनचा झूम २ वर नेला की ते वर्तुळ बहुधा जाते. पण त्यापुढे फोनचा झूम वाढवू नका. आजचे फोन फार वाढवलेल्या चित्रात नसलेला तपशील अंदाजाने भरतात, कडा गणिताने धारदार करतात. वाढदिवसाच्या छायाचित्राला ते चालेल. पण तुतवारीच्या दोन जातींमधला फरक पंखाच्या एका कडेवरून ठरवायचा असेल, तर ती कड पक्ष्याची आहे की फोनने काढलेली, हे कोण सांगणार?

अ‍ॅडॅप्टर: अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ४ मिलिमीटरांच्या टिकलीत ३ मिलिमीटरांचे छिद्र बसवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळीक उरते अर्धा-अर्धा मिलिमीटर. फोन त्याहून जास्त सरकला की एका बाजूने सावली शिरते. हाताने धरून एखादे छायाचित्र साधेलही, पण दर वेळी अर्ध्या मिलिमीटरच्या आत फोन ठेवणे हाताला जमत नाही. हे काम अ‍ॅडॅप्टरचे. म्हणून तो घेताना चार कसोट्या लावा.

एक, बाजूची जुळणी. फोन वर-खाली आणि डावी-उजवीकडे थोडा सरकवता येऊन मग घट्ट आवळता आला पाहिजे. दोन, अंतर. ट्रेसिंग पेपरने तुम्ही काढलेला आकडा इथे वापरा. फोनच्या भिंगाचे छिद्र काचेच्या किंचित आत असते, म्हणून काच त्या अंतरापेक्षा एक-दोन मिलिमीटर पुढे यायला हवी. तीन, काटकोन. फोनची पाठ स्कोपच्या अक्षाशी काटकोनात राहिली नाही, तर चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट येते. चार, ताकद. २०० ग्रॅम वजनाचा फोन आडवा लावला आणि त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून ५ सेंटिमीटर दूर पडला, तर तो अ‍ॅडॅप्टरला सतत पिळत राहतो. दुकानात फोन लावून स्कोप थोडा हलवून पाहा. फोन डुलत असेल तर तो अ‍ॅडॅप्टर परत द्या, मग तो कितीही स्वस्त असो.

बाजारात साधारण दोन प्रकार मिळतात. एक कोणत्याही फोनला आणि कोणत्याही नेत्रिकेला बसणारा, चिमटा आणि स्क्रू असलेला. दुसरा ठरावीक फोनच्या कव्हराला ठरावीक मापाचे कडे जोडलेला. पहिला मंडळासाठी सोयीचा, कारण फोन रोज वेगळा असतो. मात्र प्रत्येक वेळी तो नव्याने जुळवावा लागतो, आणि तेवढ्यात पक्षी उडून जातो. दुसरा क्षणात बसतो, पण फोन बदलला की निकामी. माझा कौल दुसऱ्याला आहे, आणि तोही घरी केलेल्याला.

तो कसा करावा? शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरने नेत्रिकेचा बाहेरचा व्यास मोजा. नळ-जोडणीच्या दुकानात तेवढ्याच किंवा किंचित मोठ्या आतील व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा मिळतो. आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली की तो नेत्रिकेवर घट्ट पण न ओरखडता बसतो. फोनचे एक जुने कडक कव्हर घ्या. त्यावर पाइप अशा जागी ठेवा की भिंग बरोबर मध्यभागी येईल. आधी चिकटपट्टीने तात्पुरता जोडा, फोन सुरू करून पडद्यावर पाहा, वर्तुळ मधोमध आले की मगच एम-सीलने पक्का करा. पाइपची लांबी आपल्या मोजलेल्या अंतराइतकी ठेवा. आधी थोडा लांब कापून मग पॉलिश पेपरवर घासत आणा. आतून काळा कागद लावा, म्हणजे पांढऱ्या पाइपवरून प्रकाश परावर्तित होणार नाही. या कामाला एक रविवार पुरतो. पण त्यातून भिंगांचा जो धडा मिळतो, तो फळ्यावर काढलेल्या किरणाकृतींतून मिळत नाही, हे मी शिक्षक असूनही सांगतो.

साधा छोटा डिजिटल कॅमेरा घरात पडून असेल तर? तोही चालेल. फक्त त्याचा प्रकाशीय झूम तीन-चार पटींहून जास्त नसावा आणि भिंगाची नळी पुढे येऊन नेत्रिकेवर आपटू नये. ३०-४० पट झूमचे कॅमेरे एरवी उत्तम, परंतु त्यांचे छिद्र नळीत फार खोल असते. ते टिकलीपर्यंत पोचतच नाही.

मोठी लेन्स अगदीच निरुपयोगी का?

नाही, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवे. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटरवर असलेले कर्नाळा अभयारण्य घ्या. १९६८ मध्ये ते पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले. तिथल्या दाट सावलीत भृंगराज किंवा स्वर्गीय नर्तक दहा-पंधरा मीटरवर येतो आणि तुम्ही स्कोप वळवेपर्यंत तिसऱ्या झाडावर गेलेला असतो. उडता ससाणा टिपायचा असेल तरी स्कोप लंगडाच. तिथे हातात धरायची मोठी लेन्सच हवी. कर्नाळ्याला जाताना तुम्ही द्विनेत्री आणि वही घेऊन जा. स्कोप आणि फोन यांचे राज्य उघड्या जागी आहे. उरणच्या पाणथळी, पनवेलची खाडी, गावातला वडाळे तलाव. जिथे पक्षी दूर असतो, पण बराच वेळ एका जागी चरत असतो.

तिथे जाण्याची वेळही विज्ञानाने ठरवता येते. ऊन चढले की चिखलावरची हवा तापते, थरथरते, आणि स्कोपमधून पक्षी पाण्यात बुडवल्यासारखा हलताना दिसतो. यावर कोणत्याही कॅमेऱ्यात उपाय नाही. म्हणून सकाळ गाठावी. शिवाय भरती हवी, कारण पाणी चढले की दूर चिखलात पसरलेले पक्षी काठाकडे सरकतात. आपल्या कोकणातील कोळी बांधवांचा हिशोब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. अष्टमीची भरती भांगाची, बेताची. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण मोठे, पण ते येते दुपारी बाराच्या सुमारास, हवा थरथरत असताना. तेव्हा दशमी ते द्वादशीची सकाळ धरा. पाणीही पुरेसे आणि ऊनही कोवळे. साधारण हिशोबाला हे पुरे. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या. पाण्याच्या कडेला मात्र मोठ्या माणसाशिवाय जाऊ नका.

हे सगळे कशासाठी?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? चार पावले पुढे गेले की झाले! माझा खरा आक्षेप इथेच आहे. लहान लेन्स असलेला उत्साही माणूस एक-एक पाऊल पुढे सरकत जातो. पक्षी चरणे थांबवून मान वर करतो, मग चार पावले चालतो, मग उडतो. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे कित्येक पाणपक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात. दर खेपेला उडवून लावलेल्या पक्ष्याचे त्या दिवसाचे खाणे तेवढे कमी होते. घरट्याजवळ जाणे तर त्याहून वाईट. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही येते. ६० मीटर दूर उभे राहून काढलेल्या छायाचित्रात पक्षी तुमच्याकडे पाहत नसतो, आपल्या उद्योगात असतो. मला ते छायाचित्र अधिक चांगले वाटते.

दुसरे कारण पुराव्याचे. पूर्वी पक्ष्याची जात खात्रीने सांगायची तर तो मारूनच आणावा लागे. खुद्द सालिम अलींची पक्षिविद्येशी ओळख झाली ती लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथले पेंढा भरून ठेवलेले पक्षी पाहून हरखून गेले. आज तुमच्या फोनमधले तारीख, वेळ आणि जागा नोंदलेले एक स्वच्छ छायाचित्र तेच काम करते, आणि पक्षी जिवंत राहतो. त्याच्या पायात संशोधकांनी घातलेले कडे किंवा झेंडी असेल आणि तीवरची अक्षरे वाचता आली, तर तो कुठून आला हेही कळू शकते.

आपल्या भागात या पुराव्याची फार गरज आहे. पनवेल आणि उरण तालुके झपाट्याने बदलत आहेत. बंदर, रस्ते, वसाहती, विमानतळ, सारे याच पट्ट्यात आले. उरणजवळच्या पाणजे येथील पाणथळीवरून कित्येक वर्षे वाद चालू राहिला. अशा वादात एक जण म्हणतो इथे पक्षी येतात, दुसरा म्हणतो येत नाहीत. कोण खरे, हे आवाज चढवून ठरत नाही, नोंदींवरून ठरते. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. तिथे येणारे पक्षी मोजणारी, नोंदणारी माणसे होती, हे विसरू नका. तुमच्या गावाबाहेरच्या तळ्याला असे कोणी आहे का?

म्हणून प्रत्येक फेरीत तीन छायाचित्रे तरी काढा. एक पक्ष्याचे, स्कोपमधून. एक थव्याचे. आणि एक स्कोपशिवाय, त्या जागेचे, ज्यात पाणी, झाडी, बांध ओळखू येतील. वहीत तारीख, वेळ, भरती-ओहोटी आणि पक्ष्यांची संख्या लिहा. घरी आल्यावर शिक्षकांच्या किंवा पालकांच्या मदतीने ती नोंद ई-बर्डसारख्या संग्रहात भरा. घरट्याची जागा मात्र कोणालाही कळवू नका. महिन्यातून एकदा, त्याच जागी उभे राहून, हे वर्षभर करा. तुमच्या शाळेतल्या आठवीच्या वर्गाने सुरू केलेली वही पुढच्या आठवीने चालवली, तर पाच वर्षांत तुमच्याकडे असे काही जमेल, जे लाखाच्या लेन्सनेही विकत मिळत नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा. शाळेतली किंवा शेजाऱ्यांची दुर्बीण मागून आणा, टिकलीचा व्यास आणि तिचे नेत्रिकेपासूनचे अंतर मोजा, घरातल्या फोनच्या छिद्राचा व्यास भागाकाराने काढा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. त्यांचा मेळ बसत असेल तर तुमचा कॅमेरा तुमच्याजवळ आहे. आता पाइपचा तुकडा शोधायला लागा. बसत नसेल तर का बसत नाही, ते या मासिकाच्या पत्त्यावर आकड्यांसह जरूर कळवा.